कावीळ डोळ्यांत दिसते. मेंदूपर्यंत गेलेली कोण पाहणार?

दरवर्षी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन येतो. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर पोस्टर लागते, त्यावर यकृताचे चित्र असते, 'वेळीच तपासणी करा' असा उपदेश असतो आणि आठ दिवसांत ते पोस्टर पावसाने भिजून लोंबकळू लागते. ही तारीख ज्यांच्या जन्मदिवसावरून ठरली त्या बरुक ब्लूमबर्ग यांनी १९६० च्या दशकात हिपॅटायटिस बी चा माग काढला आणि १९७६ साली त्यांना नोबेल मिळाले. परंतु पोस्टरवरचे ते यकृताचे चित्र अर्धेच सत्य सांगते, असे आमचे म्हणणे आहे. हे विषाणू माणसाचे यकृत खातात हे खरे. पण त्यांची झळ त्याच्या नसांना, झोपेला, स्मरणशक्तीला आणि शेवटी त्याच्या शुद्धीलाही लागते. नेमके हेच दुखणे आमच्या वस्त्यांमध्ये आजार म्हणून ओळखले जात नाही. तिथे त्याला दारू म्हणतात, कामचुकारपणा म्हणतात, नाही तर बाहेरची बाधा म्हणतात.

प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात हिपॅटायटिस बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि हिपॅटायटिस सी चे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. बी च्या रुग्णांपैकी आपल्याला हा आजार आहे हे माहीत असलेले जेमतेम अडीच टक्क्यांच्या आसपास! म्हणजे शंभरातील सत्त्याण्णव माणसे रोग अंगात घेऊन कामावर जातात, मुले वाढवतात, मोर्चाला येतात आणि त्यांना काहीही ठाऊक नसते. ही माणसे कोणत्या जातीची, कोणत्या वस्तीची, याचा हिशेब मात्र हा अहवाल देत नाही. तो आपणच मांडायचा आहे.

आधी यकृत आणि मेंदूचा संबंध समजून घेऊ. आपल्या आतड्यात अन्नातील प्रथिने कुजतात तेव्हा अमोनिया तयार होतो. संडासात नाकाला झोंबतो तोच हा वायू. निरोगी यकृत हा अमोनिया पकडते, त्याचे युरियात रूपांतर करते आणि तो लघवीवाटे बाहेर जातो. बी किंवा सी विषाणूने वर्षानुवर्षे पोखरलेले यकृत आकसून घट्ट होते, त्याला सिऱ्होसिस म्हणतात. मग ही गाळणी चालत नाही. अमोनिया आणि इतर विषारी द्रव्ये रक्तातून थेट मेंदूत जातात, मेंदूतील आधारपेशी सुजतात. डॉक्टरी भाषेत याला हिपॅटिक एन्सेफॅलोपथी असे लांबलचक नाव आहे. नाव विसरले तरी चालेल, लक्षणे मात्र विसरू नका.

पहिले लक्षण म्हणजे झोप उलटी होते. माणूस दिवसा पेंगतो आणि रात्रभर टक्क जागा राहतो. मग चिडचिड. शांत स्वभावाचा बाप घरात वस्तू फेकू लागतो. सही बदलते, अक्षर वेडेवाकडे होते, शर्टाची बटणे चुकीच्या काजात जातात. हात पुढे करून पंजे मागे वळवून ताठ धरायला सांगितले, तर ते पाखराने पंख मारावेत तसे फडफडतात. बोलणे अडखळते, चाल झोकांड्या खाते. पुढे तो आपल्याच लेकराला ओळखत नाही आणि त्यानंतर बेशुद्ध होतो.

आता वाचकांनी स्वतःलाच विचारावे. नाल्यावरच्या वस्तीत राहणारा, कंत्राटावर गटार साफ करणारा चाळिशीतला माणूस असा झोकांड्या खात, असंबद्ध बडबडत चालला, तर बघणारा काय म्हणेल? 'भरदिवसा टाकून आलाय' असेच म्हणेल. मुकादम म्हणेल, पोलीस म्हणेल आणि सरकारी दवाखान्यातला शिकाऊ डॉक्टरसुद्धा पाहता पाहता केसपेपरवर 'दारूचे व्यसन' असे लिहून मोकळा होईल. पांढरपेशा घरातला माणूस असाच वागला तर त्याच्या मेंदूचा स्कॅन होतो, रक्त तपासले जाते, नातेवाईक रजा काढून मुंबईला पळतात. लक्षण एकच, पण निदान दोन. निदानाच्या आधी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर रुग्णाचा पत्ता, आडनाव आणि कपडे येतात, हे वैद्यकीय पुस्तकांत लिहिलेले नसले तरी आमच्या लोकांना पुरते ठाऊक आहे.

इथे गैरसमज नको. दारू यकृताचा नाश करते हे शंभर टक्के खरे आहे. विषाणू आणि दारू एकत्र आले तर नाश दुप्पट वेगाने होतो, आणि दारूबंदीसाठी आपल्या माय-माउल्यांनी गावोगाव दिलेले लढे आम्ही विसरलेलो नाही. गटारात उतरायचे तर शुद्धीत उतरवत नाही, म्हणून घोट घेणारेही आहेत. त्यांना नीतीचे डोस पाजणाऱ्यांनी एकदा त्या मॅनहोलवर वाकून पाहावे. परंतु दारू पिणाऱ्यालाही बी किंवा सी असू शकतो आणि न पिणाऱ्यालाही असू शकतो. एका रक्ततपासणीने जे कळते ते माणसाच्या जातीवरून ठरवून टाकण्याला आमचा विरोध आहे.

दुसरा शत्रू आपल्या घरातच आहे. रात्री जागणारा, बरळणारा माणूस दिसला की अजूनही कुणीतरी म्हणतो, याला बाहेरचे झाले आहे. मग मांत्रिक, दर्गा, देव्हारा, उतारा. कावीळ उतरवणाऱ्यांचा धंदा तर भरभराटीत आहे. कुणी गळ्यात काविळीची माळ घालतो आणि ती रोज लांब होते म्हणून सांगतो. कुणी हाताला आंब्याच्या सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो. पाणी पिवळे झाले की 'बघा, कावीळ निघाली!' वास्तविक सालीचा रस आणि चुना एकत्र आला की निरोग्याच्या हाताचेही पाणी पिवळेच होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्यभर अशा बुवाबाजीचा बुरखा फाडला आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात तरी ही माळ गळ्यात दिसू नये. पण ती दिसते, हे लपवण्यात अर्थ नाही. मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णाच्या बाबतीत चार दिवस मांत्रिकाकडे घालवणे म्हणजे चार दिवस मृत्यूकडे चालणे होय. कारण हा झटका वेळीच ओळखला तर पुष्कळदा उतरतो. लॅक्टुलोज नावाचे साधे गोड पातळ औषध, जे एरवी बद्धकोष्ठाला देतात, तेच आतड्यातील अमोनिया बाहेर काढते. झटक्याला निमित्तही बहुतेक वेळा साधे असते. पोट न होणे, आतला रक्तस्राव, एखादा ताप, नाही तर झोप यावी म्हणून कुणी दिलेली गोळी. 'झोपत नाही म्हणून झोपेची गोळी' हा उपाय अशा रुग्णाला थेट बेशुद्धीत ढकलू शकतो.

इथवर आपण यकृतामार्गे मेंदूवर होणारा आघात पाहिला. हिपॅटायटिस सी ची तऱ्हा आणखी न्यारी आहे. या विषाणूची ओळख १९८९ साली पटली आणि हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना त्याबद्दल २०२० चे नोबेल मिळाले. सी चे अनेक रुग्ण यकृत अजून बऱ्यापैकी शाबूत असतानाच सांगतात की डोके जड असते, नाव आठवत नाही, हिशेब चुकतो, अंगात त्राण नाही. बराच काळ डॉक्टर म्हणत राहिले, मनाचे खेळ आहेत. २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या संशोधकांनी अशा सौम्य आजाराच्या रुग्णांच्या मेंदूतील रसायनांचे मोजमाप छापले. निरोगी लोकांपेक्षा आणि हिपॅटायटिस बी च्या रुग्णांपेक्षाही ते वेगळे निघाले. पुढे या विषाणूचे अंश मेंदूच्या पेशीजालातही थोड्या प्रमाणात सापडले. हे सगळे विषाणूच करतो, की शरीराचा त्याच्याशी चाललेला झगडा करतो, की आजाराची धास्ती आणि गरिबीही त्यात मिसळते, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. नसांच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. सी च्या काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रथिने तयार होतात की ती बारीक रक्तवाहिन्या सुजवतात, मग पायांची जळजळ, मुंग्या, बधिरपणा सुरू होतो. बी विषाणूमुळेही क्वचित रक्तवाहिन्यांना अशी सूज येऊन हात किंवा पाय लुळा पडतो. पायाला मुंग्या येतात म्हणून वस्तीतला माणूस जातो तो मेडिकलवाल्याकडे, आणि घेऊन येतो ताकदीच्या गोळ्या.

सी आज बरा होतो, ही गोष्ट वस्ती-वस्तीत ओरडून सांगण्याची आहे. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने होती, महागडी, आणि त्यांनी कित्येक रुग्णांना नैराश्यात लोटले. २०१३ साली सोफोस्बुविर आले. अमेरिकेत कंपनीने एका गोळीला हजार डॉलर लावले. भारतीय कंपन्यांनी परवाना घेऊन तेच औषध काही टक्के किमतीत बनवले. आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांत शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात आणि अनेकांच्या डोक्याचा जडपणाही कमी होतो, सगळ्यांचा नाही. पंजाबने २०१६ मध्ये जिल्हा रुग्णालयांतून हे उपचार मोफत सुरू केले. केंद्राने २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय कार्यक्रम आणला, त्यात बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधे मोफत आहेत. मोफत आहेत हे किती जणांना माहीत आहे? दुसऱ्या बाजूला विदर्भातील आमच्या बौद्ध वस्त्यांमध्ये आणि आदिवासींमध्ये सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. त्या मुलांना वारंवार रक्त चढवावे लागते आणि रक्त नीट तपासलेले नसेल तर त्याबरोबर बी किंवा सी ही येतो. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे. तो असलाच पाहिजे. पण नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या बौद्ध मुलांचे काय, आणि रक्त घेणाऱ्या या मुलांची सी ची चाचणी ठरावीक काळाने होते का, हे आमच्या आमदार-खासदारांपैकी कुणी सभागृहात विचारल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

बी आणि सी रक्तावाटे येतात, ए आणि ई पाण्यावाटे. आणि पाणी म्हटले की आमच्या समाजाला २० मार्च १९२७ आठवणारच. महाडच्या तळ्यावर माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. नळात येणारे पाणी विष्ठामुक्त असावे, ही त्याच हक्काची पुढची पायरी आहे. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत नजफगडच्या नाल्याचे सांडपाणी यमुनेतल्या पाणी उपशाच्या ठिकाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ही साथ हिपॅटायटिस ए ची असेच सारे धरून चालले होते. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोरशेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी शास्त्रज्ञांबरोबर दिल्लीच्या त्या साथीचे तसेच अहमदाबाद आणि पुण्याच्या साथींचे साठवलेले रक्तनमुने तपासले. तो ए नव्हता, बी नव्हता. पुढे ज्याला हिपॅटायटिस ई हे नाव मिळाले तोच तो. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच ई ने थैमान घातले आणि पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा झाली. चर्चाच झाली!

ई ची सर्वांत क्रूर झडप गरोदर बाईवर पडते. शेवटच्या तीन महिन्यांत तिला ई झाला तर मृत्यूचे प्रमाण वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जाते. यकृत काही दिवसांत कोसळते, मेंदूला सूज येते, बाई बरळू लागते. सातव्या-आठव्या महिन्यातली पोटुशी बाई बरळू लागली की सासरचे काय समजतात, हे वर सांगितलेच आहे.

ई चा नसांशी असलेला संबंध अलीकडे कळला. शरीर विषाणूशी लढताना चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते, पायापासून वर वर शक्ती जात जाते, श्वासाचे स्नायू थकले की माणूस व्हेंटिलेटरवर जातो. हाच गुलियन बारे सिंड्रोम, जीबीएस. बांगलादेशात जीबीएसच्या रुग्णांची तपासणी झाली तेव्हा सुमारे ११ टक्क्यांना नुकताच ई होऊन गेल्याचे आढळले; नेदरलँड्समध्ये हे प्रमाण ५ टक्के होते. खांद्यात जीवघेणी कळ येऊन मग हाताची ताकद जाण्याचा आणखी एक नसांचा आजार आहे, त्यातही युरोपात दहापैकी एका रुग्णात ई सापडला. हमाली करणाऱ्याचा खांदा गेला तर ओझ्याने गेला म्हणतील, तपासणार कोण?

जीबीएस म्हटले की जानेवारी २०२५ चे पुणे डोळ्यांपुढे येते. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले, काही दगावले. ती साथ हिपॅटायटिसची नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिथे अनेक नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. परंतु वाट तीच, दूषित पाण्याची. महापालिकेत गावे घेतली, घरपट्टी घेतली, पाणी मात्र विहिरीचे आणि टँकरचे राहिले. उपचाराची इंजेक्शने लाखांच्या घरात जातात, तेव्हा मोफत उपचाराच्या घोषणा झाल्या. या भागात मध्यमवर्गाचे फ्लॅट आहेत म्हणून वाहिन्यांच्या गाड्या तिथे उभ्या राहिल्या, हे आम्ही कटुतेने नव्हे तर अनुभवाने म्हणतो. नाल्याकाठच्या वस्तीत एकेक माणूस लुळा पडतो तेव्हा त्याची साथ होत नाही.

आता मूळ सवालाकडे. गटारात गुदमरून कामगार मेला तर कायद्याने तो मृत्यू मोजला जातो. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तीही मिळवताना विधवेला किती चपला झिजवाव्या लागतात ते वेगळेच. पण जो गटारातून जिवंत वर आला, इस्पितळाच्या कचऱ्यातली सुई ज्याच्या बोटात घुसली आणि जो पंधरा वर्षांनी यकृत आकसून, मेंदूवर धुके चढून घरात खाटेवर मेला, त्याचा मृत्यू कोणत्या यादीत आहे? तो 'आजारपणाने' मेला. ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकात तर तो कधी नव्हताच. कायम कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशीचा आधार तरी आहे, कंत्राटी कामगाराच्या पोरांना तोही नाही.

कायदा अगदीच आंधळा आहे असे नव्हे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पहिलीच नोंद होती ती संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून होणाऱ्या संसर्गजन्य रोगांची. दवाखान्याचे काम, प्रयोगशाळेचे काम, जनावरांची कलेवरे हाताळणे आणि 'संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम' असे शब्द त्यात होते. असा रोग त्या कामातून झाला तर तो अपघात मानायचा; तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्याही तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते, त्यांच्याच काळात अडारकर अहवाल येऊन कामगार विमा योजनेचा पाया पडला. त्या वारशावर हक्क सांगणाऱ्या कामगार संघटनांनी गटार, मैला, कचरा ही 'विशेष धोक्याची कामे' आहेत आणि बी, सी, ई हे त्यातून होणारे रोग आहेत, असे दावे किती दाखल केले? संहितांविरुद्ध मोर्चे निघाले, आम्हीही त्यात आहोत. पण मोर्चाबरोबर दावाही दाखल झाला पाहिजे.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट लिहिले आहे की असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. प्रत्येकाला, म्हणजे झाडूवाल्यालाही. आपापल्या शहरातील रुग्णालयांकडे माहिती अधिकारात अर्ज टाकावा: किती कंत्राटी सफाई कामगारांना बी च्या लसीचे तीन डोस दिले, तारखांसह यादी द्या. लस १९९७ पासून देशात बनते, २०११ पासून देशभर बाळांना मोफत टोचली जाते. मोठ्यांना न देण्याचे कारण पैशांचे नाही. देवनारच्या डोंगरावर कचरा वेचणाऱ्या बाया-पोरांना तर हे नियमही शिवत नाहीत, कारण त्या कुणाच्याच कामगार नाहीत.

आणि एक काम घरच्या घरी करता येते. ज्या घरात कुणाला पांढरी कावीळ झाली होती, रक्त चढवले होते, पाय जळतात, दिवसा झोप आणि रात्री जाग आहे, त्या घरातील सर्वांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन बी आणि सी दोन्हींची चाचणी मागावी. केसपेपरवर रुग्ण काय काम करतो ते लिहून घ्यावे: गटारसफाई, कचरा वेचणे, शवागार, चामडे, जे असेल ते. पुढे मृत्यूचा दाखला घ्यायची वेळ आली तर त्यावर कारण म्हणून काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. बी किंवा सी ची तपासणी झालेलीच नसताना नुसते दारूचे कारण लिहिले असेल, तर ते कशाच्या आधारे लिहिले हे तिथल्या तिथे लेखी विचारावे.